प्रकाशतंतू जोडणी व चाचणी तंत्रज्ञ

प्रकाशतंतू जोडणी व चाचणी तंत्रज्ञ म्हणजे दूरसंचार व विदासंचाराच्या जाळ्यातील काचेचे तंतू एकमेकांना जोडणारा, त्या जोडांतून किती प्रकाश वाया जातो हे मोजणारा आणि तुटलेली वाहिनी पुन्हा सुरू करणारा कुशल कारागीर होय. भारतात या कामाला बोलीभाषेत 'स्प्लायसिंग' आणि ते करणाऱ्याला 'स्प्लायसर' असे म्हणतात. दूरध्वनी, आंतरजाल, केबल दूरचित्रवाणी, मोबाइल मनोरे, बँका व रेल्वेची संकेतयंत्रणा यांपैकी बहुतेक सेवा आज प्रकाशतंतूंवर अवलंबून आहेत. कारखान्यातून केबल ठरावीक लांबीच्या तुकड्यांत येते. त्यामुळे कोणताही लांब मार्ग अनेक जोडांचा बनलेला असतो आणि त्याची गुणवत्ता त्यातील जोडांवर ठरते. चांगला जोड व सदोष जोड नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांतील फरक केवळ मोजमापाने कळतो. म्हणून जोडणी व चाचणी ही एकाच कामाची दोन अंगे मानली जातात.

प्रकाशतंतूची रचना

दूरसंचारात वापरला जाणारा प्रकाशतंतू अतिशुद्ध सिलिका काचेचा असतो. त्याचे तीन थर असतात. मध्यभागी प्रकाश वाहून नेणारा गाभा, त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांक असलेले काचेचेच आवरण आणि सर्वांत बाहेर संरक्षक प्लॅस्टिकचा लेप. या आतील आवरणास क्लॅडिंग म्हणतात. दोन्ही थरांच्या अपवर्तनांकातील फरकामुळे प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते व तो गाभ्यातच राहून पुढे जातो.

एकल-प्रकार तंतूचा, म्हणजेच सिंगल मोड फायबरचा, गाभा सुमारे ८ ते ९ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. क्लॅडिंगचा व्यास १२५ मायक्रोमीटर, तर लेपासह एकूण व्यास सामान्यतः २५० मायक्रोमीटर असतो. बहु-प्रकार म्हणजे मल्टिमोड तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा असतो आणि तो मुख्यतः इमारतींतील व विदाकेंद्रांतील कमी अंतरांसाठी वापरतात. मानवी केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील सूक्ष्मतेची कल्पना येते. एकल-प्रकार तंतू जोडताना दोन गाभे केवळ १ मायक्रोमीटरने बाजूला सरकले, तरी १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची सुमारे ०.२ डेसिबल इतकी हानी होते.

केबलमध्ये असे ६, १२, २४, ४८, ९६ किंवा त्याहून अधिक तंतू असतात. ते प्लॅस्टिकच्या सैल नळ्यांत ठेवलेले असून नळ्यांभोवती पाणी अडवणारे द्रव्य, ताण सहन करणारे ॲरामिड धागे व बाहेरचे जाड आवरण असते. तंतू ओळखण्यासाठी रंगक्रम ठरलेला आहे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी व फिका निळसर-हिरवा हा बारा रंगांचा क्रम सर्वत्र प्रचलित आहे. भारतातील तंत्रज्ञ प्रत्येक तंतूला 'कोअर' असेही म्हणतात. 'चोवीस कोअरची केबल' या शब्दप्रयोगाचा अर्थ चोवीस तंतूंची केबल असा होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयी संशोधन केले. ते १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र त्या काळच्या काचेत प्रकाश फार लवकर क्षीण होत असे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेतील अशुद्धी दूर केल्यास किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी हानीचा तंतू शक्य आहे, असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीतील रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक व पीटर शुल्ट्झ यांनी असा तंतू प्रत्यक्षात तयार केला. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तंतू तयार झाला, तरी तो शेतातून, रस्त्याकडेने व पाण्याखालून नेताना जोडायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. विद्युत ठिणगीच्या उष्णतेने काच वितळवून दोन टोके एकजीव करण्याचे तंत्र १९७० च्या दशकात विकसित झाले. त्याच दशकात, १९७६ मध्ये, मायकेल बार्नोस्की व स्टीफन जेन्सन यांनी तंतूच्या एकाच टोकाकडून आतील हानी मोजण्याची पद्धत मांडली. आजचे ओटीडीआर हे उपकरण याच तत्त्वावर चालते. १९७७ मध्ये अमेरिकेत दूरध्वनीची प्रत्यक्ष संभाषणे प्रकाशतंतूंवरून नेण्यात आली. १९८८ मध्ये टॅट-८ ही अटलांटिक महासागर पार करणारी पहिली प्रकाशतंतू केबल सुरू झाली.

जोडणीचे प्रकार

संलयन जोड: दोन तंतूंची टोके समोरासमोर आणून विद्युत ठिणगीने वितळवून एकजीव करणे, यास संलयन जोड किंवा फ्यूजन स्प्लायसिंग म्हणतात. यात प्रकाशहानी सर्वांत कमी होते. एकल-प्रकार तंतूंच्या चांगल्या जोडात ती ०.०२ ते ०.०५ डेसिबल इतकीच असते. जोडाच्या जागी परावर्तनही जवळजवळ होत नाही. लांब पल्ल्याच्या मार्गांवर हीच पद्धत वापरतात.

यांत्रिक जोड: दोन टोके एका अचूक खाचेत समोरासमोर बसवतात. त्यांच्यामधील फट काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या जेलने भरतात. याला यंत्र व वीज लागत नाही. मात्र प्रकाशहानी अधिक होते व काळानुसार जेलचा दर्जा उतरू शकतो. तातडीच्या तात्पुरत्या दुरुस्तीसाठी ही पद्धत उपयोगी पडते.

कनेक्टर: जेथे जोड वेळोवेळी काढावा-लावावा लागतो, तेथे कनेक्टर वापरतात. एससी व एलसी हे सध्या सर्वाधिक प्रचलित प्रकार आहेत. कनेक्टरच्या टोकाची घासणी दोन प्रकारची असते. निळ्या रंगाचा यूपीसी कनेक्टर जवळजवळ सरळ, तर हिरव्या रंगाचा एपीसी कनेक्टर ८ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेला असतो. तिरक्या टोकामुळे परावर्तित प्रकाश गाभ्यात परत जात नाही. निळा व हिरवा कनेक्टर एकमेकांत बसतात, पण त्यांची टोके नीट जुळत नाहीत. परिणामी मोठी हानी होते व टोकांना इजाही होऊ शकते.

संलयन जोडणीची कार्यपद्धती

केबल उघडून तिच्या नळ्या व तंतू मोकळे केल्यावर प्रत्येक तंतूसाठी पुढील क्रम पाळला जातो.

१. संरक्षक नळी ओवणे: उष्णतेने आकसणारी व आत पोलादी काडी असलेली नळी आधीच एका तंतूत ओवून ठेवतात. ही पायरी विसरल्यास झालेला जोड तोडून पुन्हा करावा लागतो, कारण जोड झाल्यावर नळी आत घालता येत नाही.

२. लेप काढणे: स्ट्रिपरने साधारण ३० ते ४० मिलिमीटर लांबीचा लेप काढतात. हात वाकडा पडल्यास काचेवर ओरखडा उठतो. असा तंतू लगेच तुटत नाही. तो काही महिन्यांनी, थंडीत आकुंचन पावताना किंवा ताण आल्यावर तुटतो.

३. स्वच्छता: आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने उघडी काच पुसतात. पुसलेल्या भागाला पुन्हा बोट लावू नये, हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो.

४. टोक छेदणे: क्लीव्हर या साधनातील पात्याने काचेवर सूक्ष्म रेघ पाडून तंतू ताणतात. तो आरशासारख्या सपाट पृष्ठभागावर विलग होतो. टोकाचा कोन लंबापासून १ अंशापेक्षा कमी चळलेला असावा. जाणकार तंत्रज्ञांच्या मते जोडाची अर्धी गुणवत्ता या एकाच पायरीवर ठरते. छेदलेले टोक पुन्हा पुसत नाहीत व ते कशालाही टेकू देत नाहीत.

५. संलयन: दोन्ही टोके यंत्रातील इंग्रजी 'व्ही' आकाराच्या खाचांत ठेवून झाकण लावतात. यंत्र दोन दिशांनी तंतूंची वर्धित प्रतिमा पडद्यावर दाखवते, टोकांचे कोन तपासते, लहान ठिणगीने धूळ जाळते व तंतू सूक्ष्म हालचालींनी जुळवते. उच्च प्रतीची यंत्रे गाभे पाहून जुळवणी करतात, तर स्वस्त यंत्रे क्लॅडिंगची बाह्य कड धरून. त्यानंतर मुख्य ठिणगी पडते व दोन्ही टोके किंचित पुढे ढकलली जातात. जुळवणीपासून संलयनापर्यंतचे हे काम साधारणपणे १० सेकंदांत होते.

६. ताण-परीक्षा व संरक्षण: यंत्र जोडाला हलका ताण देऊन त्याची मजबुती तपासते. मग संरक्षक नळी जोडावर सरकवून यंत्राच्याच भट्टीत तापवतात. ती आकसून जोडाला घट्ट धरते.

७. मांडणी: जोडलेले तंतू जोडपेटीतील तबकात गोलाकार गुंडाळून ठेवतात. जी.६५२ या सर्वसाधारण प्रकारच्या तंतूसाठी गुंडाळीची त्रिज्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. जी.६५७ प्रकारचे तंतू अधिक वाकवता येतात, म्हणून ते घरांतील जोडण्यांसाठी वापरतात.

सर्व तंतू झाल्यावर जोडपेटी पाणीबंद करून जमिनीखालील चेंबरमध्ये किंवा खांबावर बसवतात. जोडपेटीच्या दोन्ही बाजूंना काही मीटर जादा केबलचे वेटोळे राखून ठेवतात. पुढे दुरुस्तीसाठी पेटी बाहेर काढून सपाट जागी किंवा वाहनात नेऊन काम करता यावे, हा त्यामागील हेतू असतो.

यंत्राने दाखवलेली हानी

संलयन झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर '०.०१' किंवा '०.०२' डेसिबल असा आकडा उमटतो. हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. तंतूंच्या प्रतिमेवरून यंत्राने केलेला तो अंदाज असतो. इलेक्ट्रोड झिजलेले असतील, हवेत आर्द्रता जास्त असेल किंवा काम उंच डोंगरावर चालू असेल, तर ठिणगीचे बल बदलते. अशा वेळी यंत्राचे समायोजन आधी करून घ्यावे लागते. पडद्यावरील आकडा चांगला असूनही तबकात तंतू दबला किंवा वाकला, तर मार्गावरील हानी वाढते. म्हणून यंत्राचा अंदाज हा स्वीकृतीचा पुरावा मानत नाहीत. चाचणीनंतरच जोड मान्य केला जातो.

चाचणी

डेसिबल आणि हानीचा हिशेब

प्रकाशहानी डेसिबल या लघुगणकीय एककात मोजतात. ३ डेसिबल हानी म्हणजे प्रकाश निम्मा होणे, तर १० डेसिबल म्हणजे एक दशांश उरणे. ०.१ डेसिबल हानीत सुमारे २.३ टक्के प्रकाश जातो. एका जोडापुरती ही हानी क्षुल्लक वाटते, परंतु मार्गावरील सर्व जोडांची हानी एकत्र होते.

उदाहरणार्थ, २ किलोमीटर लांबीच्या तुकड्यांनी बनलेला ६० किलोमीटरचा मार्ग घेतला, तर त्यात ३० तुकडे व त्यांमधील २९ जोड येतात. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेले लहान तंतू जोडावे लागतात. त्यांना पिगटेल म्हणतात. ते धरून प्रत्येक तंतूवर ३१ जोड होतात. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला तंतूची हानी किलोमीटरमागे ०.२० डेसिबल धरली, तर ती १२ डेसिबल होते. प्रत्येक जोड ०.०५ डेसिबलचा असल्यास जोडांची हानी १.५५ डेसिबल व दोन कनेक्टरांची १ डेसिबल धरून एकूण १४.५५ डेसिबल येते. तेच जोड ०.२० डेसिबलचे झाले, तर जोडांची हानी ६.२ व एकूण १९.२ डेसिबल होते. या ४.६५ डेसिबलच्या फरकामुळे पलीकडे पोचणारा प्रकाश जवळपास एक तृतीयांश उरतो. ही केबल २४ तंतूंची असेल, तर त्या मार्गावर एकूण ७४४ जोड करावे लागतात.

घरोघरी पोचणाऱ्या जाळ्यांतही हाच हिशेब लागू पडतो. जीपॉन पद्धतीत एक तंतू स्प्लिटरद्वारे ३२ घरांना वाटून दिल्यास केवळ विभागणीतच सुमारे १७ डेसिबल हानी होते. या पद्धतीच्या प्रचलित श्रेणीत एकूण २८ डेसिबल हानीची मुभा असते. उरलेल्या ११ डेसिबलमध्ये केबल, जोड, कनेक्टर व भविष्यातील दुरुस्त्या हे सर्व बसवावे लागते.

दृश्य दोषदर्शक

सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर प्रकाश तंतूत सोडणारे हे पेनाएवढे साधन आहे. तंतू जेथे तुटला किंवा फार वाकला असेल, तेथे तांबडा प्रकाश बाहेर फाकतो. त्याचा पल्ला थोड्या किलोमीटरांचा असतो. तबकातील दोष शोधणे व दोन टोकांचा तंतू एकच आहे ना, हे ओळखणे यांसाठी ते वापरतात.

प्रकाशशक्तीमापक

एका टोकाला स्थिर प्रकाशस्रोत व दुसऱ्या टोकाला शक्तीमापक लावून संपूर्ण मार्गाची हानी थेट मोजतात. मोजणीपूर्वी जोडतारांची हानी वजा होईल असा संदर्भ निश्चित करणे आवश्यक असते. ही पद्धत एकूण हानी सर्वांत विश्वासार्हपणे सांगते, परंतु ती हानी मार्गावर नेमकी कोठे होते, हे सांगू शकत नाही.

ओटीडीआर

ऑप्टिकल टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर हे या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे चाचणी उपकरण आहे. ते तंतूत प्रकाशाचे लहान स्पंद सोडते. काचेतील सूक्ष्म असमानतांमुळे थोडा प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो, त्यास रॅले विकिरण म्हणतात. त्याचा अत्यल्प भाग मागे परत येतो. परतीला लागलेल्या वेळेवरून अंतर व परतलेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून हानी काढली जाते. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात.

पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेषा दिसते. तिचा उतार म्हणजे तंतूची किलोमीटरमागील हानी. रेषेतील लहान पायरी म्हणजे जोड किंवा वाक, उंच टोक म्हणजे परावर्तन करणारा कनेक्टर किंवा भेग, आणि रेषा कोसळून गोंगाटात मिसळते ती जागा म्हणजे तंतूचा शेवट किंवा तूट. स्पंद जितका लहान, तितका तपशील स्पष्ट दिसतो. १० नॅनोसेकंदांचा स्पंद सुमारे १ मीटरचा तपशील देतो, तर १ मायक्रोसेकंदाचा स्पंद लांबवर पोचतो, पण सुमारे १०० मीटरच्या आतील दोन घटना वेगळ्या दाखवू शकत नाही. पहिला कनेक्टर तपासता यावा म्हणून उपकरण व मार्ग यांच्यामध्ये पुरेशा लांबीचा प्रारंभिक तंतू लावतात.

दोन्ही बाजूंनी मोजणी

ओटीडीआरची एका बाजूने केलेली मोजणी फसवी ठरू शकते. जोडलेल्या दोन तंतूंतून प्रकाश मागे परतण्याचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर जोडाच्या जागी रेषा खाली जाण्याऐवजी वर चढलेली दिसते. जणू त्या जोडातून प्रकाश वाढला आहे, असे हे चित्र असते. प्रत्यक्षात तसे होणे अशक्य आहे. याच जोडाची उलट दिशेने मोजणी केल्यास हानी प्रमाणाबाहेर मोठी दिसते. समजा, एका बाजूने ०.१० डेसिबलची वाढ व दुसऱ्या बाजूने ०.२० डेसिबलची हानी दिसली, तर खरी हानी या दोहोंची बैजिक सरासरी, म्हणजे ०.०५ डेसिबल असते. केवळ एका बाजूची नोंद पाहिल्यास उत्तम जोड विनाकारण तोडला जाईल किंवा सदोष जोड मान्य होईल. म्हणून महत्त्वाच्या मार्गांच्या स्वीकृतीसाठी दोन्ही दिशांनी मोजणी केली जाते.

चाचणी दोन तरंगलांबींवर घेण्यामागेही असेच कारण आहे. सदोष संलयन जोडाची हानी १,३१० व १,५५० नॅनोमीटरला साधारण सारखी असते. तंतू वाकला असल्यास मात्र १,५५० नॅनोमीटरची हानी ठळकपणे अधिक दिसते. दोन आलेख शेजारी ठेवले, की जोड पुन्हा करायचा की तबकातील तंतू फक्त सैल करायचा, हे पेटी उघडण्यापूर्वीच कळते. सुरू असलेल्या सेवेला धक्का न लावता चाचणी करण्यासाठी १,६२५ किंवा १,६५० नॅनोमीटर तरंगलांबी वापरतात.

दोषशोध व दुरुस्ती

भूमिगत केबल तुटण्याचे प्रमुख कारण खोदकाम हे आहे. रस्तारुंदीकरण, जलवाहिन्या, गटारे व इमारतींचा पाया यांसाठी यंत्राने खोदताना केबल ओढली जाते. अशा वेळी ती दिसते तेथेच नव्हे, तर काही अंतरावर आतून देखील तुटलेली असू शकते. उंदरांनी कुरतडणे, जोडपेटीत पाणी शिरणे, आग, झाडे कोसळणे व चोरी ही अन्य कारणे होत.

ओटीडीआरने दाखवलेले अंतर तंतूचे असते, रस्त्याचे नव्हे. नळ्या केबलमध्ये पिळाने बसवलेल्या असल्यामुळे तंतू केबलपेक्षा थोडा लांब असतो. शिवाय प्रत्येक जोडपेटीजवळ केबलची वेटोळी असतात. तूट ७.३ किलोमीटरवर दिसली व वाटेत तीन पेट्यांजवळ प्रत्येकी २० मीटर जादा केबल असली, तर केवळ त्यामुळेच रस्त्यावरील अंतर ६० मीटरने कमी भरते. नकाशा व नोंदी अचूक असतील, तर थेट योग्य जागी खड्डा घेता येतो. नोंदी नसतील, तर एका तुटीसाठी अनेक खड्डे घ्यावे लागतात. जोडणी करणाऱ्याने त्या वेळी लिहून ठेवलेले अंतर व रंगक्रम पुढे कित्येक वर्षांनी येणाऱ्या अपरिचित सहकाऱ्याच्या उपयोगी पडतात.

दुरुस्तीत तुटलेल्या जागी बहुधा नव्या केबलचा तुकडा घालावा लागतो. त्यामुळे एका तुटीमागे प्रत्येक तंतूवर दोन नवे जोड वाढतात. वारंवार तुटणाऱ्या मार्गावर हानीची मुभा हळूहळू संपत जाते व अखेर केबलचा तो भाग बदलावा लागतो.

समुद्राखालील केबलची दुरुस्ती विशेष जहाजांवर होते. केबलची टोके समुद्रतळावरून वर उचलून जहाजावरील जोडणीकक्षात जोडतात. त्यावर पॉलिथिनचे आवरण साच्यात ओतून क्ष-किरणांनी तपासतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ व फ्लॅग या केबल तुटल्यामुळे भारतासह अनेक देशांतील आंतरजाल सेवा विस्कळीत झाली होती. त्यानंतरची दुरुस्ती याच पद्धतीने करण्यात आली.

सुरक्षितता

दूरसंचारातील १,३१० व १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. अंधारलेले दिसणारे टोक प्रत्यक्षात चालू असू शकते. त्यामुळे तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. प्रथम शक्तीमापकाने खात्री करावी व कनेक्टर पाहण्यासाठी पडद्यावर प्रतिमा दाखवणारा सूक्ष्मदर्शक वापरावा.

काचेचे तुकडे हा याहून नित्याचा धोका आहे. छेदलेला तुकडा बारीक, पारदर्शक व सुईसारखा टोकदार असतो. तो त्वचेत शिरल्यास शोधणे अवघड जाते. डोळ्यात किंवा अन्नावाटे पोटात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे संरक्षक चष्मा घालणे, काळ्या चटईवर काम करणे, प्रत्येक तुकडा झाकणाच्या डबीत टाकणे, कामाच्या जागी न खाणे-पिणे व काम संपल्यावर हात धुतल्याखेरीज डोळ्यांना स्पर्श न करणे, हे नियम प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवले जातात.

संलयन यंत्र ठिणगी उत्पन्न करते व अल्कोहोल ज्वलनशील असते. भूमिगत चेंबरमध्ये ज्वलनशील किंवा विषारी वायू साठलेला असू शकतो. अशा जागी वायू तपासल्याशिवाय उतरणे व यंत्र चालवणे निषिद्ध आहे. खांबावरील कामात वीजवाहिन्यांचे सान्निध्य, तर रस्त्यावरील कामात वाहतूक हा धोका असतो.

भारतातील स्थिती

भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू प्रणाली १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली. पुढे मुंबई हे आंतरराष्ट्रीय सागरी केबलचे देशातील प्रमुख उतरण्याचे ठिकाण बनले. छत्रपती संभाजीनगर परिसरात वाळूज व शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे काच व प्रकाशतंतू निर्मितीचे कारखाने आहेत.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळे ही योजना मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडणे हे तिचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये तिला 'भारतनेट' असे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा 'महानेट' या नावाने राज्य शासनामार्फत राबवण्यात आला. या योजना, मोबाइल मनोऱ्यांची जोडणी आणि घरगुती फायबर सेवा यांमुळे जोडणी तंत्रज्ञांची मागणी शहरांपुरती मर्यादित राहिली नाही. खोदकामात केबल तुटू नये म्हणून खोदणारा व केबलचा मालक यांना परस्परांशी जोडणारे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू करण्यात आले.

दीर्घ पल्ल्याच्या मार्गांवर केबल १.६५ मीटर खोलीवर, प्लॅस्टिकच्या वाहिनीतून टाकण्याचा दंडक भारतात प्रचलित आहे. सह्याद्रीतील कातळात व घाटरस्त्यांवर ही खोली गाठणे कठीण जाते. तेथे कमी खोलीवर लोखंडी नळी किंवा काँक्रीटचे संरक्षण द्यावे लागते. कोकणात पावसाळ्यातील आर्द्रता व चेंबरमध्ये साचणारे पाणी यांमुळे जोडपेटीचे पाणीबंद झाकण व यंत्राचे समायोजन यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

प्रशिक्षण व आवश्यक गुण

या व्यवसायासाठी अभियांत्रिकीची पदवी आवश्यक नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स वा दूरसंचारविषयक अभ्यासक्रम पूर्ण केलेले, तसेच दहावी-बारावीनंतर थेट कामावर शिकलेले तरुण या क्षेत्रात आढळतात. भारतात दूरसंचार क्षेत्र कौशल्य परिषदेने 'ऑप्टिकल फायबर स्प्लायसर' व 'ऑप्टिकल फायबर टेक्निशियन' या कामांसाठी पात्रतामानके निश्चित केली आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९५ मध्ये स्थापन झालेली फायबर ऑप्टिक असोसिएशन ही अमेरिकी संस्था प्रमाणपत्रे देते.

स्थिर हात, रंगांची अचूक ओळख, स्वच्छतेची सवय व चिकाटी हे गुण या कामात आवश्यक मानले जातात. रंगांधळेपणा असलेल्या व्यक्तीस रंगक्रमावर आधारलेले हे काम अवघड जाते. आलेख वाचता येणे, साधा हिशेब करता येणे व नीटनेटकी नोंद ठेवणे ही कौशल्येही तितकीच महत्त्वाची आहेत.

कामाचे स्वरूप व समस्या

नव्या मार्गाचे काम नियोजनाप्रमाणे चालते. दुरुस्तीचे काम मात्र केव्हाही उद्भवते व ते रात्री, पावसात किंवा रहदारीच्या रस्त्याकडेला करावे लागते. अनेक ठिकाणी ही कामे कंत्राटदार व उपकंत्राटदार यांच्यामार्फत दिली जातात आणि मोबदला जोडांच्या संख्येवर ठरतो. अशा व्यवस्थेत वेगाला प्राधान्य मिळून स्वच्छता, दुहेरी मोजणी व नोंदी यांना फाटा देण्याचा मोह उत्पन्न होतो. एकाच तंतूचा आलेख नाव बदलून अनेक तंतूंच्या नावे सादर करणे हा त्यातील गंभीर गैरप्रकार होय. तो ओळखण्यासाठी तपासनीस आलेखांतील गोंगाटाची तुलना करतात, कारण दोन स्वतंत्र मोजण्यांतील गोंगाट कधीच तंतोतंत सारखा नसतो.

अशा निष्काळजीपणाचा परिणाम तत्काळ दिसत नाही. मार्ग सुरू होतो, सेवा चालते आणि दोष पुढील दुरुस्तीच्या किंवा क्षमतावाढीच्या वेळी उघड होतो. तोपर्यंत मूळ जोडणी करणारा बहुधा अन्यत्र गेलेला असतो. त्यामुळे केवळ जोडांची संख्या न मोजता, चाचणीचे निकाल तपासून मोबदला देण्याची पद्धत अधिक योग्य मानली जाते.

नवे प्रवाह

मोठ्या विदाकेंद्रांसाठी शेकडो ते हजारो तंतूंच्या केबल वापरात आल्या आहेत. त्यांत १२ तंतूंची पट्टी एकाच वेळी जोडणारी यंत्रे उपयोगी पडतात. कमी जागेत अधिक तंतू बसावेत म्हणून २०० मायक्रोमीटर व्यासाच्या लेपाचे तंतू आले आहेत. अनेक गाभे असलेल्या तंतूंची जोडणी करताना टोके केवळ समोरासमोर आणून भागत नाही. प्रत्येक गाभा आपल्या जोडीदारासमोर येईल अशा बेताने तंतू फिरवावाही लागतो. पोकळ गाभ्याच्या तंतूत जास्त उष्णता दिल्यास आतील सूक्ष्म रचना कोसळते, म्हणून त्याची ठिणगी सौम्य ठेवावी लागते. केंद्रातच बसवलेल्या ओटीडीआरद्वारे मार्गावर सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणाही प्रचलित होत आहेत. त्या तुटीचे अंतर तत्काळ कळवतात. प्रत्यक्ष जागी जाऊन चेंबर उघडणे, तंतू स्वच्छ करणे व जोडणे हे काम मात्र आजही तंत्रज्ञालाच करावे लागते.

हेही पहा

प्रकाशतंतू
पूर्ण आंतरिक परावर्तन
डेसिबल
लेसर
नरिंदरसिंग कपानी
चार्ल्स काओ
भारतनेट
सागरी दूरसंचार केबल